मुअत्तरच्या कमरेचा शेला

मित्रांनो, काचेला नाक लावून तुम्ही मला क्षणभर बघता आणि लगेच पुढच्या कपाटातल्या जरीच्या टोपीकडे निघून जाता, याचं मला वाईट वाटत नाही. माझ्यात बघण्यासारखं आता उरलंय तरी काय? चार हात लांबीचा मी एक जुना शेला, तोही सुतकात बायकांनी कमरेला बांधायचा. एके काळी माझी निळाई इतकी गडद होती की बांधणारीला घाम आला तर तिच्या अंगरख्यालाही डाग पडायचा. आता कुणी मला राखाडी म्हणतं, कुणी धुरकट. खाली पाटीवर लिहिलंय, ‘थोर अभिनेत्री मुअत्तर हिचा रंगभूमीवरील शेला’. हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. आणि जे खरं आहे ते सांगणारं माझ्यावाचून कोणी राहिलं नाही. म्हणून सांगतो.

माझा जन्म मर्गिलानचा, ताश्कंदच्या बाजूचं ते रेशमाचं गाव. उभे धागे रेशमाचे, आडवे सुताचे. विणणारा म्हातारा होता. त्याचे पाय माग चालवत आणि ओठ अल्लाचं नाव घेत, दोन्हींची लय एकच. निळाऱ्याने मला नऊ वेळा निळीच्या रांजणात बुडवून काढलं. दोरीवर वाळत असताना मला आपलं वाटायचं की आपण कुणाच्या तरी लग्नात मिरवणार. बाजारात माझ्या शेजारी सात रंगांची रेशमं होती. ती एकेक करून नवऱ्या मुलींच्या घरी गेली. मला एका बाईने उचललं. तिने माझी गाठ मारून बघितली, मग ती सोडून बघितली आणि म्हणाली, “गाठ बसते आणि सुटतेही. हा चालेल.”

ती बीबीसोरा. लोक तिला बीबीसोरा-ओतिन म्हणत. आमच्या खोऱ्यात मुलींना पोथी शिकवणारी, बायकांच्या बैठकीत पैगंबरांची, अवलियांची आख्यानं गाऊन सांगणारी जी बाई असते, तिला ओतिन म्हणतात. मित्रांनो, मी पुढे मोठमोठ्या नाट्यगृहांत पुष्कळ आवाज ऐकले. पण बीबीसोरा भिंतीला पाठ टेकून बसायची, डोळे मिटायची आणि युसूफला त्याच्या भावांनी विहिरीत कसं टाकलं ते सुरात सांगू लागायची, तसं ऐकणं मला पुन्हा लाभलं नाही. बायकांच्या हातातल्या चहाच्या वाट्या निवून जात. युसूफचा बाप याकूब आंधळा होईपर्यंत रडला, हे सांगताना तिचा स्वर चढत नसे, उलट उतरत जाई. ऐकणाऱ्यांनी पुढे सरकून बसावं म्हणून.

कुणाच्या घरी मयत झालं की तिला बोलावणं येई. मग ती मला कमरेला बांधी. दुःखाचा घाव आधी कमरेवर बसतो आणि बाई वाकते, म्हणून तिथे बांधायचं. दारात पुरुष काठ्या टेकून उभे असत आणि आत बीबीसोरा विलाप सुरू करी. त्याआधी ती घरच्यांना सगळं विचारून घेई. गेलेल्याचं नाव काय, आईचं नाव काय, पाणी घटाघटा प्यायचा की घोट घोट, घोड्याला काय म्हणून हाक मारायचा. आणि मग त्या गोष्टी ती अशी गाई की माणूस उंबऱ्यात उभा आहे असं वाटे. पण ती तिथे थांबत नसे. हळूहळू सूर बदलत ती सगळ्यांना प्रार्थनेपर्यंत आणून सोडी. ती म्हणे, रडवायला फार अक्कल लागत नाही, रडणारीला पुन्हा तिच्या चुलीपाशी आणून बसवायचं, ते खरं काम.

तिचा एक नेम होता. ज्याचा श्वास चालू आहे, त्याचं नाव विलापात घ्यायचं नाही. एकदा एका म्हातारीने भान हरपून आपल्या जित्याजागत्या भावाचं नाव घेतलं. बीबीसोराने विलाप तिथेच थांबवला, झाडून साऱ्या बायकांना चुळा भरायला लावल्या आणि त्या भावाच्या घरी भाकऱ्या वाटून आली. भाऊ बिचारा गोंधळून गेला. त्याला वाटलं, आपल्याकडे काही मंगल आहे.

मुअत्तर ही तिची लेक. आई विलापाला बसली की ही सात वर्षांची पोर माझं सुटं टोक मुठीत धरून बसे. तिला सगळं पाठ झालं. एकदा तिचा पाळलेला लावा मेला तेव्हा तिने मला पेटीतून काढून कमरेला दोनदा गुंडाळलं आणि अंगणात त्या पाखरासाठी असा काही टाहो फोडला की आळीतली पोरंच काय, भिंतीपलीकडच्या बायकाही डोळे पुसू लागल्या. बीबीसोरा दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर आधी कौतुक आलं आणि मग ते गेलं. कारण जे मला दिसलं ते तिलाही दिसलं होतं. रडता रडता पोर डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती, कोण कोण रडतंय.

काळ बदलत होता, नवी राजवट आली होती. आमच्या गावात नाटकमंडळी आली. तोवर बायकांची कामं पुरुषच करत, दाढी खरडून, ओढणी घेऊन. त्या मंडळींना खरी बाई हवी होती आणि कुठल्याच घरची बाई मिळत नव्हती. चौकात बुरखे जाळले जात होते आणि बुरखा जाळणाऱ्या मुलींच्या घरी सुऱ्याही येत होत्या. मुअत्तर सतरा वर्षांची होती. एका सकाळी ती घरातून निघाली ती परतलीच नाही. जाताना तिने आईच्या पेटीतून फक्त मला घेतलं. दागिने तिथेच होते.

कोकंदच्या नाट्यगृहात ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा बाहेरून दगड आले. एक दगड पडद्याला लागून माझ्यापाशी पडला. तिच्या चुलत्याने निरोप धाडला की आमच्या लेखी पोरगी मेली. बीबीसोराने मात्र काही निरोप धाडला नाही. तीन महिन्यांनी ती स्वतःच आली. बुरख्याची घोड्याच्या केसांची जाळी तोंडावर ओढून शेवटच्या बाकावर बसली, सगळं नाटक तिने बघितलं आणि मग रंगपटात येऊन जाळी वर केली.

“आवाज खरा आहे,” ती म्हणाली. “मढं खोटं आहे. तुला चालतंय?”

मुअत्तर म्हणाली, “चालतंय, आई.”

“मग शेला ठेव. नेम मात्र मोडू नकोस.” एवढं बोलून तिने लेकीच्या कपाळावरचं तेलकट रंगाचं बोट पुसलं आणि ती मर्गिलानला निघून गेली.

मित्रांनो, तिथून पुढची कितीतरी वर्षं माझी वैभवाची. खानाच्या काळातल्या एका आईचं नाटक होतं. तिच्या मुलाला खानाचे शिपाई मारतात आणि तिसऱ्या अंकात त्याचं प्रेत अंगणात आणतात. मुअत्तर आत जाई, मला कमरेला बांधून बाहेर येई आणि विलाप करी. बस्स, एवढाच प्रवेश. त्यासाठी लोक गाढवांवरून, बैलगाड्यांवरून, पुढे पुढे मोटारींतून येत. नाटक सुटल्यावर तिच्या दारात सफरचंदांच्या करंड्या आणि डाळिंबं येऊन पडत. मुलींची नावं मुअत्तर ठेवली जाऊ लागली. कुणी तिला खोऱ्याची बुलबुल म्हणे, कुणी आणखी काही. मला आता वेगळा खिळा होता, आणि मला सांभाळायला रोबिया-खोला होती. खोला म्हणजे मावशी. रंगपटातल्या सगळ्या पोरी तिला मावशीच म्हणत. तिची जीभ सुरीसारखी होती, हात मात्र सायीसारखे.

आता एक गुपित सांगतो. मी कमरेला असे, आणि माणसाचा श्वास कमरेतून निघतो. त्यामुळे मुअत्तर कुणासाठी रडते आहे हे मला आधी कळे. नाटकातल्या मुलासाठी ती कधीच रडली नाही. पहिल्या वर्षी ती मनातल्या मनात आपल्या वडिलांचं नाव घेई. ते गेले तेव्हा ती लहान होती. त्या नावाने पोटात हिसका बसे आणि तोंडाने नाटकातलं नाव बाहेर पडे. पण नाव शंभर वेळा घेतलं की झिजतं. एका खेळाला हिसका बसलाच नाही. ती कोरडी उभी राहिली आणि लोक खाकरू लागले.

मग तिला दुसरं नाव मिळालं. तोपर्यंत तिचं लग्न झालं होतं. नवरा तोख्तासिन मंडळींतच डफ वाजवायचा, हसरा आणि विसराळू माणूस. त्यांचा पहिला मुलगा ओलिमजोन आठ महिन्यांचा असताना ही खेड्यापाड्यांत प्रयोग करत होती. ताप आला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. ती पोहोचली तेव्हा माती ओली होती. पुढची दोन वर्षं ती ओलिमजोनला रडली. त्या वर्षांतले तिचे विलाप ज्यांनी ऐकले, ते म्हातारपणीही त्याबद्दल हलक्या आवाजात बोलत. मग तेही नाव झिजलं.

रोबिया-खोलाला सगळं ठाऊक होतं. माझी गाठ मारता मारता ती विचारायची, “आज कुणाला काढणार ग बाहेर?” मुअत्तर हसून टाळायची.

बीबीसोरा गेली तेव्हा मुअत्तर ताश्कंदच्या महोत्सवात होती. तार आली. रात्रीच्या गाडीने निघाली असती तर आईच्या अंगणात बसून विलाप करता आला असता. दुसऱ्या दिवशी तिचा प्रयोग होता आणि पहिल्या रांगेत मोठी माणसं बसणार होती. ती थांबली. त्या प्रयोगात ती आईला रडली. अख्खं नाट्यगृह उभं राहिलं. मी त्या अंगणात असायला हवा होतो, मित्रांनो. जिच्या हाताने पहिली गाठ मारली तिच्यासाठी बांधला जायचा माझा हक्क होता. मर्गिलानच्या बायकांनी म्हणे उसना शेला आणला.

पुढे एका रात्री सरकारी माणसं तोख्तासिनला घेऊन गेली. का नेलं हे कुणी विचारलं नाही, विचारायचा तो काळच नव्हता. मुअत्तरला दोन वर्षं रंगमंचावर पाऊल ठेवू दिलं नाही. रंगपटात बसून ती दुसऱ्यांचे कपडे शिवायची, आणि तीन वर्षांची सनोबर तिच्या पायाशी चिंध्यांशी खेळायची. मग महायुद्ध आलं. लोकांना रडायला जागा हवी होती, म्हणून तिला परत बोलावलं. जखमी सैनिकांपुढे, गिरण्यांच्या आवारांत, रेल्वेच्या फलाटांवर तिने प्रयोग केले. त्या वर्षांत ती तोख्तासिनला रडली. तो जिवंत आहे की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. नेम मोडला की नाही हेही कुणाला सांगता आलं नसतं. मला ते कळत होतं आणि मी गप्प होतो. शेला दुसरं काय करणार? फार तर गाठ सैल सोडेल. मी तेवढंही केलं नाही. युद्धानंतर कागद आला की नेल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तो गेला, म्हणजे नेम मोडला नव्हता. तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि मग आपण कशासाठी सुटकेचा श्वास सोडला हे लक्षात येऊन ती भिंतीकडे तोंड करून बसून राहिली.

खरी चूक त्यानंतर दहा वर्षांनी झाली.

सनोबर एकोणीस वर्षांची होती. अंदिजानला दाईचं शिक्षण घेत होती. आई सदा दौऱ्यावर, त्यामुळे ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातची खाऊन वाढली होती. मुलगी शांत होती, कमी बोलायची. त्या उन्हाळ्यात मर्गिलानच्या रेशीम गिरणीत दुपारचा प्रयोग ठरला. राजधानीहून परीक्षक येणार होते. सर्वांत मोठा किताब द्यायचा की नाही, ते याच प्रयोगावर ठरणार होतं. मुअत्तरला कुणकुण लागली होती की तिच्या भूमिकेसाठी एका तरुण मुलीची तालीम चालू आहे. सनोबर सुट्टीला आली होती. आईसाठी फडक्यात बांधून गरम समोसे घेऊन ती तिसऱ्या रांगेत बसली.

रोबिया-खोलाने गाठ मारली. “आज कुणाला?” तिने विचारलं आणि माझं टोक खोचत हळूच म्हणाली, “सगळे संपवलेस ना?”

तिसरा अंक आला. प्रेत आणलं. मुअत्तर गुडघ्यांवर बसली. तिचा श्वास माझ्यापाशी येऊन अडला. वडील आले, गेले. ओलिमजोन आला, गेला. आई, नवरा. सगळी नावं उन्हात पडलेल्या खारकेसारखी कोरडी झाली होती. सभागृहात कुणीतरी खाकरलं. तिने मान वर केली. तिसऱ्या रांगेत एक मुलगी रुमालाने बोटांना लागलेलं तेल पुसत होती.

“सनोबर,” मुअत्तर म्हणाली. मनात नव्हे. मोठ्याने.

नाटकातल्या आईला मुलगी नव्हती. पण ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या सनोबर, गोधडीबाहेर पाय काढून झोपणाऱ्या माझ्या लेकी, आता तुझ्या पायांवर पांघरूण कोण घालेल? हनुवटीवर तीळभर व्रण असलेल्या माझ्या लेकी, विहिरीच्या दगडावर पडलीस तेव्हा तू रडली नाहीस, मी घरात नव्हते म्हणून रडली नाहीस. असं ती गात गेली. माझ्याखाली तिचा श्वास खोलवरून उसळत होता. इतकं खरं ती कधीच रडली नव्हती. गिरणीतल्या बायका हमसून हमसून रडल्या. परीक्षकांतल्या एकाने चष्मा काढला. सनोबर तेवढी न हलता बसून होती, रुमाल तसाच बोटांत धरून.

नंतर ती रंगपटात आली. समोशांचं फडकं तिने आरशापुढे ठेवलं. रोबिया-खोला पाठ फिरवून उगीच कपड्यांच्या घड्या घालू लागली.

“नाटक होतं ते, पोरी,” मुअत्तर म्हणाली.

“शाप-बिप मला काही वाटत नाही, आई. मी दवाखान्यात शिकते.” सनोबरचा आवाज अगदी साधा होता. “मी कशी झोपते हे तुला माहीत होतं. व्रण कधीचा तेही माहीत होतं. मला कधी म्हणाली नाहीस. मला वाटायचं, तुला माहीतच नाही.” मग ती म्हणाली, “तुला रडायला काहीतरी हवं होतं, आणि मी समोर बसले होते.”

ती त्याच दिवशी अंदिजानला परत गेली. समोसे रोबिया-खोलाने मोलकरणींना वाटले. मुअत्तरने एकही खाल्ला नाही.

किताब मिळाला. फुलांत मी गुदमरलो. आणि मित्रांनो, इथे तरी तिने थांबायचं होतं. पण सगळीकडून निरोप येऊ लागले की तो मुलीचा विलाप ऐकायचा आहे. दिग्दर्शक म्हणाले, ते नाव राहू द्या, ते चालतं. तिने राहू दिलं. चाळीस प्रयोगांत ती जिवंत लेकीला रडली, आणि चाळिसाव्याला माझ्याखालचा श्वास पुन्हा सपाट होता. सनोबर हे नावही झिजलं होतं.

याची शिक्षा काय झाली ते तिला लग्नाच्या दिवशी कळलं. सनोबरने अंदिजानमध्येच एका मोटार चालवणाऱ्या भल्या माणसाशी लग्न ठरवलं आणि आईला बोलावलं. न बोलवायला ती काही दुष्ट नव्हती. मी त्या दिवशी तिथे नव्हतो, खिळ्यावर होतो. पण रोबिया-खोला सोबत गेली होती आणि परत येऊन ती माझ्यासमोरच, कुणाला म्हणून नव्हे, बोलली. निरोपाची वेळ आली. नवरी उंबरा ओलांडत होती. मुअत्तरने मागून हाक मारली, नुसतं नाव घेतलं. आणि ते नाव तोंडातून त्याच सुरात निघालं. रंगमंचावरच्या सुरात. म्हाताऱ्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. डफ थांबला. मुअत्तरने पुन्हा साधी हाक मारून बघितली, पुन्हा तोच सूर. तेव्हा सनोबर मागे वळली आणि सासरच्या सगळ्यांसमोर म्हणाली, “आई, माझं नाव घेऊ नकोस.”

त्या दिवसापासून पंचवीस वर्षं मुअत्तरने ते नाव घेतलं नाही. पत्रात ‘पोरी’ लिहायची. उत्तरात ख्यालीखुशाली येई, तीन ओळी.

मग आवाज बसला. भूमिका गेली. तरुण मुलीला माझ्याऐवजी नवा, झगझगीत निळा शेला दिला गेला, कारण मी दिव्यांत फिका दिसायचो. मी भांडारात पडून राहिलो. एका हिवाळ्यात मला दोरीसारखा वापरून पडदा बांधला, एका हिवाळ्यात माझा बोळा करून धुराड्याचं भोक बुजवलं. कसरीने टोक खाल्लं. मला कुणी झटकून उन्हात घातलं असतं तरी पुरे होतं. रोबिया-खोलाही तोवर वारली होती. एके दिवशी काठी टेकत एक म्हातारी भांडारात आली आणि हाताने चाचपत चाचपत तिने मला ओळखलं. मुअत्तर. भांडाऱ्याने मला कागदात गुंडाळून दिलं, त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

तिची कमर दुखायची. ती मला अंगरख्याच्या आत बांधू लागली, कुणाच्या मरणासाठी नव्हे, नुसती पाठीला ऊब म्हणून. जरदाळू फुलले तेव्हा ती मोटारीत बसून अंदिजानला गेली. सांगून गेली नव्हती. सनोबरने दार उघडलं. तिचेही केस पांढरे झाले होते. तिने आईला आत घेतलं, चहा ओतला, भाकरी मोडून पुढे ठेवली.

मुअत्तर माफी मागायला आली होती. वाटभर ती शब्द जुळवत होती, मला सगळं कळत होतं. ती बोलू लागली आणि पहिल्याच वाक्याला तिचा बसलेला आवाज उठला, थरथरला, योग्य ठिकाणी तुटला. सुंदर होतं ते. सनोबरने हात वर केला.

“नको आई. यातलं कुठलं तुझं आणि कुठलं नाटकातलं, ते मला ओळखता येत नाही.”

“मलाही येत नाही ग,” मुअत्तर म्हणाली. मग तिने भाकरीचा तुकडा उचलला.

ती आठ दिवस राहिली. पुलावासाठी गाजरं चिरायची, नातवाचे मोजे शिवायची, बोलत फारसं नव्हती. आणि शेवटच्या सकाळी असं झालं. सनोबर अंगणात कपडे वाळत घालत होती, चुलीवर दूध होतं, आणि मुअत्तर पाठ करून बसली होती. तिने वळून बघितलं आणि ओरडली, “सनोबर, दूध उतू चाललंय, धाव.”

कुठलाच सूर नव्हता त्यात. घाबरी, घोगरी, कुठल्याही घरातली हाक. सनोबर पळत आली, दूध उतरवलं, ओढणीने हात पुसला आणि उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं, मुअत्तर पुन्हा एकदा हाक मारील. तिचा श्वास तयार झालाही होता. पण ती घाबरली. पुन्हा घ्यावं आणि पुन्हा तो सूर निघावा, याची तिला भीती वाटली असेल. तिने नुसती मान हलवली आणि गाजरं ओढून घेतली. दुपारच्या मोटारीने आम्ही परत आलो. त्याच वर्षी पहिल्या बर्फात ती गेली.

कोकंदच्या तिच्या अंगणात गर्दी मावत नव्हती. नाट्यगृहाकडून फुलं आली आणि आता तिची भूमिका करणारी एक तरुण मुलगीही आली, नवा निळा शेला बांधून. ती विलाप करणार, असं ठरलं होतं. तिने सूर लावला. अगदी हुबेहूब मुअत्तरचा. बायका डोळ्यांना ओढण्या लावू लागल्या. तेवढ्यात सनोबर उठली.

“थांब, बाळा,” ती म्हणाली. “माझ्या आईसाठी कुणी सुंदर रडू नका.”

तिने मला कमरेला बांधलं. गाठ नीट बसली नाही, तिला बांधायची सवय नव्हती. ती बसली आणि तिला काही येईना, शब्द येईनात, चाल येईना. मग एकाएकी ती रडू लागली, नाक वाहत, उचक्या देत, मध्येच थांबून, मध्येच खोकून. बाहेर काठ्या टेकून उभ्या असलेल्या पुरुषांना तर काही ऐकूही आलं नसेल. बायका अवघडून खाली बघत राहिल्या. मी मात्र तिच्या श्वासाला चिकटून होतो. तो श्वास कुणाकडे बघत नव्हता.

सुतक फिटल्यावर सनोबरने मला इथे आणून दिलं. संग्रहालयाच्या माणसाने विचारलं, घरी का ठेवत नाही? ती म्हणाली, “ठेववत नाही आणि टाकवतही नाही.” पाटी त्या माणसाने लिहिली. बीबीसोराचं नाव त्यात नाही, कारण त्याला कुणी सांगितलं नाही.

तर मित्रांनो, ही माझी गोष्ट. मला फार काही मागायचं नाही. जुने कपडे, जुनी वाद्यं, तुमच्या घरी असतील तर वर्षातून एकदा उन्हात घाला, कसरीपासून जपा. वापरलं नाही तर वस्तू कुजते, आणि भलत्या कामाला वापरली तर तिच्या जिवाचं मातेरं होतं. हे माणसांच्या नावांनाही लागू आहे. मुअत्तर वाईट नव्हती. अल्लाने तिला असा गळा दिला होता की पाखरू मेलं तरी आळी रडावी. पण घरातल्यांची नावं तिने लोकांपुढे खर्चली आणि घरात घ्यायला एकही उरलं नाही. मी तिच्या सर्वांत जवळ होतो आणि एकदाही आवळून तिला थांबवलं नाही, याची खंत माझ्या धाग्याधाग्यात आहे.

तुम्ही असं करू नका. आज घरी गेलात की आईला हाक मारा. काम असायला हवं असं नाही. ती आतून विचारील, काय रे, काय झालं? काही नाही, म्हणा.